साखळी, खिळा आणि रबर : हिमावरच्या पकडीचा इतिहास

मराठीत आकाशातून भुरभुरणाऱ्या पांढऱ्या कणांना बर्फ म्हणतात आणि रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली झाकून ठेवलेल्या लादीलाही बर्फच म्हणतात. ‘हिम’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो हिमालय, हिमवर्षाव, हिमनदी अशा समासांतून बाहेर पडून बाजारात क्वचितच येतो. हा भाषेचा दोष मानण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या घाटांत पाऊस, धुके, शेवाळ आणि दरडी यांच्यासाठी जेवढे शब्द लागले तेवढे भाषेने घडवले. ज्याची गरजच पडली नाही त्यासाठी ती अडून बसली नाही. परंतु डोंगरातल्या हिवाळी रस्त्यावर मोटार चालवणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वस्तू अगदी भिन्न आहेत, आणि एकीवर चालणारा उपाय दुसरीवर पुष्कळदा लटका पडतो. म्हणून या लेखापुरते आम्ही पडलेल्या, साचलेल्या, चाकाखाली दबणाऱ्या पदार्थाला हिम म्हणतो आणि गोठून काचेसारख्या झालेल्या पाण्याला बर्फ.

अशा रस्त्यावर जाताना टायरला कोणते साधन जोडावे, हा प्रश्न आज टायरच्या दुकानात विचारला जातो आणि त्याचे उत्तरही दुकानी भाषेत मिळते : किंमत किती, टिकेल किती, बसवायला सोपे कोणते. त्या उत्तरात चूक काही नसते. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला दिसतो. पकड फुकट मिळत नाही. तिची किंमत चालकाने मोजायची, रस्त्याने मोजायची, की रस्त्याकडेला राहणाऱ्या, कदाचित मोटारच नसलेल्या माणसाने? साखळी, खिळा आणि रबर ही या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत मिळालेली तीन उत्तरे आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे पदार्थविज्ञान. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. दबलेल्या हिमावर तो ०.२ ते ०.३ वर उतरतो आणि बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. गाडी थांबायला लागणारे अंतर याच्या व्यस्त प्रमाणात वाढते; कोरड्या रस्त्यावर जिथे ब्रेक दाबल्यावर वीस मीटर पुरतात, तिथे बर्फावर दीडशे मीटर लागू शकतात. बर्फ इतका निसरडा का, याचे पाठ्यपुस्तकातले जुने उत्तर असे की वरच्या वजनाच्या दाबाने तो वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो. मात्र शून्याखाली काही अंश गेल्यावर हा हिशेब जुळत नाही. तेवढा दाब मोटारीचाही नसतो. मायकेल फॅरडेने १८५० सालीच सुचवले होते की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा एक थर असतो. पुढे १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेने बर्फ वितळतो हे प्रयोगाने दाखवले. यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट अशी की सर्वांत दगाबाज बर्फ हा शून्याच्या आसपासचा, ओलसर बर्फ. उणे वीस अंशांवरचा कडक बर्फ त्या मानाने बरा.

हिमाचे वागणे वेगळे. ते दबते. टायरच्या नक्षीतल्या खोबणींत ते लाडू वळल्यासारखे घट्ट बसते, आणि हिमाला हिम धरते. त्यामुळे खोल नक्षीचे टायर हिमावर चांगली पकड घेते, मात्र तेच टायर निव्वळ बर्फावर आले की नक्षीचा फारसा उपयोग उरत नाही. तिथे एक तर बर्फात रुतणारे काही टणक हवे, नाही तर पाण्याचा तो थर टिपून घेणारे काही मऊ हवे. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांचा आहे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवलेल्या लोखंडी पट्टीला आपल्याकडे धाव म्हणतात. धावेचे चाक चिखलात रुतले तरी ते बैलांनी ओढायचे असते. चाकाला स्वतःला जमीन पकडायची नसते. मोटारीने हे उलटे केले. चाकच गाडी ढकलू लागले आणि त्याबरोबर पकड हा चाकाचा धर्म झाला. सुरुवातीच्या हवाभरल्या टायरांची पाठ बहुधा गुळगुळीत असे. चिखलात किंवा हिमात सापडलेले मोटारवाले टायरभोवती दोर गुंडाळत. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड याने हा उद्योग पाहिला आणि दोराच्या जागी साखळी घातली, असे सांगतात. त्याला २३ ऑगस्ट १९०४ रोजी पेटंट मिळाले. इंग्लंडात पार्सन्स हे नाव याच सुमारास याच वस्तूशी जोडले गेले. ‘पहिला कोण’ हा वाद आम्ही येथे उकरत नाही. अशा साध्या कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचतात आणि मग वकिलांचे पोट भरते.

साखळी दिसायला ओबडधोबड असली तरी तिच्यात एक बारीक अक्कल आहे. टायरच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल साखळी, आणि त्या दोहोंना जोडणारे आडवे तुकडे टायरच्या पाठीवरून शिडीच्या पायऱ्यांसारखे गेलेले. ही शिडी चाकाच्या आऱ्यांना करकचून बांधायची नसते. ती किंचित सैल राहते आणि चाक फिरताना टायरवरून हळूहळू सरकत जाते. त्यामुळे रबराच्या एकाच जागी सतत घाव बसत नाही. घट्ट बांधली तर ती टायर कापते, फार सैल ठेवली तर सुटून मडगार्ड फोडते. साखळी बसवून थोडे अंतर गेल्यावर थांबून ती पुन्हा आवळावी, हा नियम आजही त्यासाठीच आहे.

या साधनाचा खर्च सगळा चालकाच्या अंगावर पडतो. गुडघे हिमात टेकायचे, हातमोजे काढायचे, कारण कड्या हातमोज्यांनी लागत नाहीत. बोटे बधिर होतात. नंतर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, गाडीत सतत खडखडाट होतो, आणि हिम संपताच पुन्हा उतरून साखळी काढावी लागते. न काढली तर साखळीही झिजते आणि रस्ताही. पण ती काढता येते, आणि आमच्या मते तिचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. गरज असेल तेवढाच वेळ ती रस्त्यावर असते. भातशेतीच्या प्रदेशात चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात आणि काही जण आळसापोटी तीच चाके घेऊन डांबरी रस्त्यावरून घरी येतात, मग रस्त्यावर उमटलेली नक्षी वर्षभर दिसते. साखळीचा आणि रस्त्याचा संबंध यावरून लक्षात यावा.

साखळीचे राज्य पाहायचे तर कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातील डॉनर खिंडीत जावे. खिंडीचे नाव १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथे अडकलेल्या स्थलांतरितांच्या तांड्यावरून पडले. त्यांतले जवळजवळ निम्मे लोक जगले नाहीत. जानेवारी १९५२ मध्ये त्याच पर्वतात ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ नावाची आगगाडी सुमारे सव्वादोनशे माणसांसह तीन दिवसांहून अधिक काळ हिमात गाडली गेली. त्या प्रवाशांची सुटका अखेर मोटारींनी झाली, जवळच्या चाळीस क्रमांकाच्या महामार्गावरचे हिम हटवून. मोटार-रस्ता आगगाडीपेक्षा भरवशाचा ठरल्याची ही घटना त्या काळाच्या मानाने लक्षणीय होती. पुढे त्याच वाटेने आंतरराज्य महामार्ग ८० गेला. त्याचा माथा ७,२०० फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तो हिवाळाभर चालू ठेवला जातो.

चालू ठेवला जातो तो एका शिस्तीच्या जोरावर. राज्याच्या रस्ते-खात्याने साखळीबंदीच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत साखळ्या किंवा हिमटायर यांपैकी काहीतरी असावे लागते. दुसरीत सर्वांना साखळ्या लागतात. सूट फक्त चारही चाके खेचणाऱ्या आणि चारही चाकांना हिमटायर असलेल्या गाडीला. तिसरीत कोणालाच सूट नाही. पण ती वेळ क्वचित येते, कारण तोपर्यंत रस्ताच बंद करतात. साखळ्या लावल्यावरची वेगमर्यादा ताशी २५ ते ३० मैल. रस्त्याच्या कडेला साखळ्या चढवून देणारे लोक उभे असतात. त्यांच्याकडे खात्याचा परवाना आणि क्रमांकाचा बिल्ला असतो, पण ते सरकारी नोकर नव्हेत. त्यांना साखळ्या विकण्याची किंवा भाड्याने देण्याची मनाई आहे; घ्यायची ती फक्त मजुरी. ही मनाई करणाऱ्याने मनुष्यस्वभाव चांगला ओळखला होता. वादळात अडकलेल्या माणसाला साखळी कोणत्या भावाने विकली गेली असती, हे सांगायला नको.

या महामार्गावर डिसेंबर-जानेवारीत मराठी ऐकू येते. बे एरियातल्या मराठी कुटुंबांना हिम दाखवायला मुलांना नेण्याची जवळची जागा म्हणजे लेक टाहो, आणि वाट हीच. कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला साखळीची पहिली ओळख बहुधा येथेच, संध्याकाळच्या अंधारात, निऑन रंगाच्या जाकिटातल्या परवानाधारकाच्या विजेरीच्या उजेडात होते. भाड्याच्या मोटारीचा करार अशा वेळी वाचण्यासारखा असतो. पुष्कळ करारांत साखळी लावण्यास मनाई असते. म्हणजे रस्ता म्हणतो लावल्याशिवाय जाऊ नका आणि मोटारमालक म्हणतो लावू नका. घरून निघण्यापूर्वी हे वाचणारे थोडे.

साखळीची कटकट नको, टायरनेच काम करावे, ही इच्छा साहजिक होती. ती प्रथम पुरी झाली फिनलंडमध्ये. नोकिया गावच्या रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढले आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हाकापेलिट्टा’. हे नाव तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाच्या सैन्यात लढलेल्या फिन घोडेस्वारांचे. त्यांच्या ‘मारा, तुटून पडा’ अशा अर्थाच्या रणघोषावरून पडलेले. टायरला घोडदळाचे नाव देण्यात रसिकता आहे, आणि थोडी युद्धखोरीही. ती पुढे खरी ठरली. खोल, आडव्या खोबणींचे ते टायर हिमावर उत्तम चाले. बर्फावर नाही.

बर्फासाठी खिळा आला. घोड्याच्या नालाला हिवाळ्यात टोकदार खिळे ठोकण्याची पद्धत उत्तरेकडे जुनीच होती. ती टायरला लागू करायला अडचण धातूची होती. साधे पोलाद रस्त्यावर लवकर झिजून जाई. टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची बारीक शलाका धातूच्या टोपणात बसवून ती रबरात रुजवण्याचे तंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमले. नोकियाच्या कारखान्याने खिळ्यांचे टायर १९६१ मध्ये आणले. एका टायरात असे शंभरभर खिळे. ओल्या बर्फावर ते जी पकड घेत तिला तोड नव्हती. साखळीसारखे काढा-घाला नाही, खडखडाट कमी, वेगाला अटकाव नाही. नोव्हेंबरात चढवायचे आणि एप्रिलात उतरवायचे. पाच-सात वर्षांत ते स्कँडिनेव्हिया, आल्प्स, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये सर्वत्र पसरले.

मात्र काढा-घाला नाही, याच सोयीत पुढची सगळी गोष्ट होती. हिवाळ्यातले सगळे दिवस हिमाचे नसतात. शहरात तर नांगर फिरतो, मीठ पडते, ऊन येते, आणि बहुतेक दिवस चाकाखाली उघडे डांबर असते. त्यावर प्रत्येक फेऱ्याला शंभर टणक टोके आपटतात. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या, पावसाळी दिवशी त्यांत पाणी साचले, आणि पकडीसाठी लावलेल्या खिळ्यांनी निसरडेपणाची नवी सोय केली. अमेरिकेतील मिनेसोटासारख्या हिमाच्या माहेरघरी असलेल्या राज्याने १९७१ मध्ये खिळ्यांवर बंदी घातली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतानेही त्याच सुमारास तेच केले. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये. या सर्व निर्णयांमागे मुख्य युक्तिवाद होता तो रस्तेदुरुस्तीच्या खर्चाचा. झिजलेले डांबर जाते कुठे, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

तो विचारला गेला जपानमध्ये, आणि तोही हिमाच्या राजधानीत नव्हे. होक्काइदो बेटावरचे साप्पोरो हे जगातल्या सर्वाधिक हिम पडणाऱ्या मोठ्या शहरांपैकी एक; तिथे १९८०च्या दशकात हिवाळ्यात जवळजवळ सगळ्या मोटारींना खिळे असत. पण साप्पोरोचे रस्ते बराच काळ हिमाने झाकलेले असतात. होन्शू बेटावरच्या सेंदाई शहराचे तसे नाही. तिथली थंडी कोरडी, हिम थोडे, आणि भोवताली डोंगर. डोंगरातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना खिळे हवेत, म्हणून शहरातले सगळेच ते डिसेंबर ते मार्च लावून फिरत. आणि फिरत ते बव्हंशी उघड्या डांबरावरून. हिवाळ्याच्या शेवटी रस्त्यांवरचे पांढरे पट्टे पुसले जात. हवेत करडी-काळी धूळ भरे. वाळत घातलेले कपडे काळे होत, लोक तोंडाला फडकी बांधून चालत. ‘सेंदाईचे वाळवंट’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. स्थानिक वृत्तपत्राच्या वाचकपत्रांतून १९८०च्या दशकाच्या आरंभी ही तक्रार सार्वजनिक झाली आणि मग ती थांबली नाही.

या वादात दोन्ही बाजूंना खरोखरच काही गमावण्यासारखे होते, म्हणून आम्हांस तो विशेष वाटतो. एका बाजूला चालकांचे म्हणणे : खिळे काढा म्हणजे आमच्या मरणाला परवानगी द्या. हे म्हणणे नाटकी नव्हते. घाटातल्या वळणावर बर्फ असतो, समोरून मालमोटार येते, आणि खिळ्यांच्या जागी ठेवायला त्या तोडीचे दुसरे साधन तेव्हा बाजारात नव्हते. दुसऱ्या बाजूला ती धूळ रोज श्वासाबरोबर घेणारी माणसे, त्यांत पायी शाळेत जाणारी मुले आणि दुकानाच्या दारात बसलेले म्हातारे. अपघात एका क्षणात होतो, त्याचा पंचनामा होतो, त्याची संख्या वर्षअखेर छापून येते. फुप्फुसात साचलेल्या धुळीचा पंचनामा होत नाही. ज्या हानीची नोंद होते ती हानी मोठी वाटते. लोकशाहीतला हा जुना दृष्टिदोष आहे. सेंदाईच्या नागरिकांनी धूळ मोजायला लावली, हे त्यांचे मोठे काम.

मियागी प्रांताने १९८५ मध्ये खिळ्यांच्या टायरांसंबंधी स्वतःचा नियम केला. पण निर्णायक वळण दिले ते डोंगराळ नागानो प्रांतातल्या वकिलांनी. त्यांनी वाहनचालकांवर खटले भरले नाहीत. त्यांनी टायर बनवणाऱ्यांनाच प्रतिवादी केले आणि प्रदूषणविषयक तंट्यांत समेट घडवणाऱ्या राष्ट्रीय आयोगापुढे अर्ज केला. या एका चालीने प्रश्नाचे रूप पालटले. लाखो चालकांना एकेक करून शहाणे करण्याऐवजी मोजक्या कारखानदारांना एका मेजाभोवती बसवता आले. जून १९८८ मध्ये समेट झाला : खिळ्यांच्या टायरांचे उत्पादन १९९० च्या अखेरीस बंद, विक्री मार्च १९९१ च्या अखेरीस बंद. संसदेने जून १९९० मध्ये कायदा केला. त्याचे नावच मुळी ‘खिळ्यांच्या टायरांपासून होणाऱ्या धुळीच्या प्रतिबंधाचा कायदा’ असे होते. म्हणजे कायद्याला वैर खिळ्याशी नव्हते, धुळीशी होते. म्हणूनच त्याची भाषाही मोजकी आहे. ठरवून दिलेल्या प्रदेशांत, ज्या पक्क्या रस्त्यावर हिम किंवा बर्फ नाही तिथे खिळे वापरता येणार नाहीत. रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि अपंग चालकांची वाहने यांना सूट. एप्रिल १९९१ पासून बंदी, एप्रिल १९९२ पासून दंड. हा एक वर्षाचा अवधी लोकांना जुने टायर झिजवून टाकायला दिलेला होता.

कारखानदार समेटाला तयार झाले याचे कारण केवळ सद्बुद्धी नव्हे. पर्याय त्यांच्या प्रयोगशाळांत तोवर उभा राहत होता. उन्हाळी टायरचे रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागते; हिवाळ्यासाठी गारठ्यातही मऊ राहणारे मिश्रण हवे. त्या मऊ रबरात असंख्य बारीक चिरा दिल्या की प्रत्येक चिरेची कड बर्फ खरवडते. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये आणलेल्या ‘ब्लिझॅक’मध्ये आणखी एक युक्ती होती : रबर फुगवून त्यात पावासारखी सूक्ष्म छिद्रे ठेवली, म्हणजे बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्यांत शोषला जातो आणि रबर कोरड्या बर्फाला भिडते. दुसऱ्या एका जपानी कंपनीने, टोयो टायरने, रबरात अक्रोडाच्या कवचाचा चुरा मिसळला. अक्रोडाचे कवच बर्फापेक्षा कठीण पण डांबरापेक्षा मऊ. म्हणून ते बर्फ ओरखडते आणि रस्त्याला सोडून देते. शतकभराच्या या कथेतली सर्वांत देखणी कल्पना कोणती असे कोणी विचारले तर आम्ही अक्रोडाकडे बोट दाखवू.

सेंदाईची हवा स्वच्छ झाली. साप्पोरोत मात्र हिशेबाची दुसरी बाजू उघडी पडली. खिळ्यांचे टायर बर्फ सतत खरवडून खडबडीत ठेवत असत. ते गेल्यावर मऊ टायर चौकाचौकांत थांबता-निघता घसरू लागले आणि त्या घासण्याने रस्त्यावरचा बर्फ आरशासारखा होऊ लागला. जपानीत अशा रस्त्याला ‘त्सुरुत्सुरु’ म्हणतात; आपल्या ‘गुळगुळीत’सारखाच तो ध्वनीवरून अर्थ सांगणारा शब्द आहे. त्या आरशावर पडू लागले ते पादचारी. आधी ज्यांच्या फुप्फुसांनी किंमत मोजली होती, आता त्यांच्याच कंबरांनी आणि मनगटांनी मोजली. शहराने खडी टाकली, बर्फविरोधी रसायने वाढवली, पदपथांखाली उष्णतेच्या नळ्या घातल्या. साप्पोरोत ओलांडण्याच्या जागी खडीच्या पेट्या ठेवलेल्या असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांतली पिशवी घ्यावी आणि पुढच्यासाठी रस्त्यावर पसरावी, अशी अपेक्षा. पकडीचे सार्वजनिक साधन म्हणावे असे आमच्या माहितीत हे एकच.

चाकाला काही न लावता रस्त्यालाच मीठ लावणे, हा तिसरा मार्ग येथे थोडक्यात सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने तो मोठ्या प्रमाणावर धरला. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, पण फार थंडीत त्याचा प्रभाव मंदावतो. आणि वितळलेले मीठ-पाणी पुलांच्या सळया, मोटारींचे पत्रे आणि कडेची झाडे यांत शिरते. लेक टाहोच्या रस्त्यांकडेचे पाइन वृक्ष करपू लागले तेव्हा तिथे मिठाचा हात आखडता घ्यावा लागला. म्हणजे किंमत मोजणाऱ्यांच्या यादीत झाडेही आली.

उत्तर युरोपाने खिळ्यांना हद्दपार केले नाही, त्यांच्यावर पट्टी बसवली. ऑस्लो शहराने १९९९ पासून, मधली काही वर्षे वगळता, खिळे लावून शहरात येणाऱ्यांकडून शुल्क घेतले आहे. स्टॉकहोममध्ये हॉर्न्सगातान या धुळीने कुप्रसिद्ध झालेल्या एका रस्त्यावर जानेवारी २०१० पासून खिळ्यांना बंदी आहे. अंतर्भागातल्या, कित्येक महिने बर्फच असणाऱ्या रस्त्यांसाठी खिळे ठेवायचे आणि शहरात त्यांचे मोल वसूल करायचे, हा तोडगा आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो. जपानसारखी सरसकट स्वच्छता त्यात नाही, पण उत्तर फिनलंडच्या माणसाला सेंदाईच्या मापाने मोजण्याचा अन्यायही नाही.

आता निवड करणाऱ्याने काय पाहावे? टायरच्या अंगावर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे, म्हणजे चिखल आणि हिम, एवढ्यावर विसंबू नये. ती अक्षरे नक्षीच्या घडणीबद्दल उत्पादकाने स्वतःच केलेला दावा आहेत. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चित्र १९९९ पासून वापरात आले. ते मिळवायला हिमावर चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी केवळ चित्राचेच टायर ग्राह्य धरले आहे. दुसरे, चारही चाकांना जोर असणारी गाडी निघताना घसरत नाही, थांबताना मात्र इतरांइतकीच घसरते. हिमाचलात आणि काश्मिरात ‘फोर बाय फोर’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ब्रेक दाबल्यावर चारही चाके सर्वच मोटारींची थांबतात. साखळी लावायची ती जोर मिळणाऱ्या चाकांना, हे चढाचे शास्त्र झाले; पुढची चाके खेचणाऱ्या गाडीत फक्त पुढे साखळ्या असल्या तर उतारावर मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते, हेही ध्यानात असावे. नॉर्वेतून आलेले कापडी मोजे हलके आणि चढवायला सोपे; हिमावर ते काम देतात, उघड्या डांबरावर पाहता पाहता फाटतात.

आपल्या देशात या निवडीला फार वाव नाही. हिवाळी टायर भारतीय बाजारात सहज मिळत नाही, खिळे त्याहून दुर्मिळ. उरते साखळी. श्रीनगर-लेह रस्त्यावर हिमवर्षावानंतर वाहतूक पोलिसांच्या सूचना निघतात, त्यांत चारचाकी-जोराच्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडण्याची अट हमखास असते. रोहतांगखालून जाणारा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून मैदानातल्या गुळगुळीत टायरांच्या मोटारी जानेवारीतही लाहौलच्या तोंडापर्यंत पोहोचू लागल्या. बोगद्याने खिंड टाळली, पण त्याच्या दोन्ही तोंडांना सुमारे तीन हजार मीटर उंचीवर जो बर्फ असतो तो टाळला नाही. पुण्या-मुंबईचा पर्यटक तिथे स्वतःच्या नाही तर भाड्याच्या गाडीत असतो, आणि त्याचा सर्व भरवसा साखळी बांधणाऱ्या स्थानिक चालकाच्या बोटांवर असतो.

जपानची गोष्ट १९९१ वर संपली नाही. बिनखिळ्यांचे टायर इतके चांगले झाले की दोन पिढ्यांनी साखळीला हातच लावला नाही. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये फुकुई प्रांतात आठ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर प्रचंड हिम पडले आणि सुमारे पंधराशे वाहने अडकून पडली. एखादी जड मालमोटार चढावर फिरते, आडवी होते, आणि मागची रांग जिथल्या तिथे गाडली जाते. मऊ रबर कितीही हुशार असले तरी खोल, ताज्या हिमाच्या चढावर त्याला मर्यादा आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सरकारने देशभरात तेरा टप्पे निवडले. असाधारण हिमवर्षावाचा इशारा निघाल्यावर त्या टप्प्यांवर हिवाळी टायर असले तरी साखळी लागते. आरडाओरड बरीच झाली, विशेषतः मालवाहतूकदारांची : साखळी लावायला जागा कुठे, वेळ कुठे, आणि लावता येते कोणाला? त्या टप्प्यांच्या अलीकडे साखळ्या चढवण्यासाठी थांबण्याच्या जागा ठेवाव्या लागल्या, आणि या नियमासाठी नवे नियमदर्शक चिन्ह तयार झाले. त्यावर टायर आहे, आणि टायरभोवती साखळी.